पात्याचे कोपरे

पॉलिशचा पहिला हात दिला आणि फळीवर रेघ उमटली. केसाएवढी, पण लांबच्या लांब, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला वाटलं, बोळ्याचा दोरा सुटला असेल. बोळा उलटून बघितला, नवीन फडकं घेतलं, स्पिरिटने जागा पुसून पुन्हा हात दिला. रेघ होती तिथंच. गाल फळीला टेकेल इतकं खाली वाकून तिने खिडकीकडून येणाऱ्या तिरप्या उजेडात बघितलं, तर एक नव्हती. शेजारी दुसरी होती, पलीकडे तिसरी, सगळ्या एकमेकींना समांतर. कोरं लाकूड पुष्कळ काही झाकतं. पॉलिश प्यायलं की मग सगळं सांगायला लागतं. हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं, आणि दुसऱ्यांच्या सामानावर असल्या रेघा तिने ढिगाने बघितल्या होत्या. दुरुस्तीला आलेली कपाटं, दुकानातून घेतलेले पलंग. नवऱ्याच्या फळीवर कधी नाही. तो पाठीमागे करवतीला तेल लावत होता, तोंडाने काहीतरी गुणगुणत. "काय गं, थांबलीस?" त्याने विचारलं. "कचरा आला बोळ्यात," ती म्हणाली. तो चहा घ्यायला वर गेला तशी तिने पॉलिश पेपर घेतला आणि जीव खाऊन घासत बसली. घासताना तिला कळेना, आपण एवढ्या घाईघाईने काय पुसतोय, रेघ, की रेघ आपण बघितली हे.

त्या रेघा कशाने पडतात हे तिला माहीत होतं, कारण सासरे दिवसभर बोलत असत आणि ऐकायला तिच्याशिवाय कोणी नसे. लग्न होऊन आली तेव्हा तिला खालच्या कारखान्यात पाय ठेवायची बंदी होती. कारखाना म्हणजे काय, रस्त्याच्या बाजूची एक लांबट खोली, वर राहायच्या दोन. मग पॉलिशवाला एके दिवशी भांडून गेला, स्पिरिटच्या वासाने हिचं डोकं दुखत नाही असा शोध लागला आणि ती खाली आली ती कायमची. सासरे रंध्याचं पातं दगडावर घासत बोलायचे. पातं सरळसोट ठेवलं तर त्याचे दोन कोपरे लाकडात रुततात आणि रंधा जाईल तिथे दोन्ही बाजूंना पायरी पाडतात. म्हणून धारेला बाक द्यायचा. मध्ये किंचित पुढे, कडांना किंचित मागे, नखाच्या टोकासारखी. किती? तर गुण्याची, म्हणजे काटकोनी पट्टीची, सरळ कड धारेला लावून उजेडासमोर धरली की दोन्ही कोपऱ्यांना उजेडाचं सूत दिसावं आणि मध्ये अंधार. बस्स, तेवढंच. "सुनेसारखं असतं पातं," सासरे म्हणायचे आणि स्वतःच आधी हसायचे, "माहेरचे कोपरे घासून घेतले की मग कुठे टोचत नाही." तीही हसायची. सासूही हसायची, वरच्या जिन्यातून. आज पॉलिश पेपरने हात भाजेस्तोवर घासताना तिला ते हसणं आठवलं आणि त्यात आपला आवाज कुठला होता ते काही आठवेना.

एकदा रेघ दिसली की मग बाकीचं दिसायला वेळ लागत नाही. सरसाचं भांडं शेगडीवरून त्याने उघड्या हाताने उचललं, सावकाश नेलं, सावकाश ठेवलं, आणि बोटांची कातडी पांढरी पडलेली तिनेच त्याला दाखवली. "अरेच्चा," तो म्हणाला, दुसऱ्या कोणाचा हात बघावा तसा बघत. शर्टाची बटणं तो हल्ली तिला लावायला सांगायचा, थट्टेने, "नव्या नवरदेवाला बटणं लावा," म्हणत. खिशातली किल्ली काढायची तर सगळा खिसा बाहेर ओढायचा. साखरेची तक्रार जुनीच होती. डॉक्टरांनी बोटांना टाचणी टोचून विचारलं, कळतंय का? तो प्रत्येक वेळी हो म्हणाला, टोचलं नव्हतं तेव्हाही. डॉक्टर म्हणाले नसा मेल्यात, गोळ्या वाढवल्या आणि रोज सकाळी चालायला सांगितलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मुलाला काही कळवू नकोस. तो टपूनच बसलाय." मुलगा दुसऱ्या शहरात होता, वाईट नव्हता, फक्त प्रत्येक फोनवर म्हणायचा की आता बास करा, खोली भाड्याने द्या, इकडे या. तिकडे त्याच्याकडे एक बाल्कनी होती, तिथे बसायचं.

सकाळी तो चालायला गेला की ती खाली उतरू लागली. संध्याकाळी कारखाना बंद करण्याआधी तो पातं घासून, रंध्यात बसवून, रंधा आडवा करून ठेवत असे. बापाची शिस्त होती ती. तिने पाचर ठोकून सैल केली, पातं काढलं, गुण्याला लावून खिडकीत धरलं. एका कोपऱ्याला उजेडाचं सूत होतं. दुसऱ्या कोपऱ्याला काही नव्हतं, कोपरा ठाम उभा होता. दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाब द्यायचा असतो, आणि त्याच्या एका हाताच्या बोटांना दाब म्हणजे काय तेच उमजत नव्हतं. एवढंच होतं सगळं. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं काय तर भलतीच उमेद. एवढंच ना? दगडावर पाणी टाकून तिने तो कोपरा दाबून घासला. मग दुसऱ्या बाजूला थोडं, बरोबरीसाठी. मग पुन्हा इकडे. हाताखाली काळा चिकट राप जमत गेला आणि चालून परतणाऱ्या त्याच्या चपला बाहेर वाजल्या तेव्हा तिने पातं कसंबसं रंध्यात खुपसलं, पाचर ठोकली आणि हात पदराला पुसत जिना चढली. पदर काळा झाला. तो तिने दिवसभर खोचून ठेवला.

त्या दिवशी त्याने एका कपाटाच्या दाराची फळी रंधायला घेतली. तिने बाक इतका दिला होता की पातं चमच्यासारखं झालं होतं. रंधा फळीवर नुसते चर खणत गेला, एकाला लागून एक, वाऱ्याने वाळूवर पडतात तसे. तो थांबला. पुन्हा मारला. रंधा उलटा करून डोळ्यांसमोर धरला, पण डोळेही आता पूर्वीचे नव्हते, आणि खरं म्हणजे तो पात्याकडे बघतच नव्हता. स्वतःच्या हाताकडे बघत होता. मग तो स्टुलावर बसला. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"गेला," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"हात. हात गेला माझा. बाबा असते तर ही फळी त्यांनी डोक्यात घातली असती."

"असं काय करता? एखाद्या दिवशी होतं."

"एखाद्या दिवशी नाही गं. मला कळतंय. तुलाही कळतंय, तू घासतेस मागून. मी काय आंधळा आहे?"

तेव्हा सांगता आलं असतं. ही फळी तुमच्या हाताने नाही बिघडली, माझ्या हाताने बिघडली, एवढं एक वाक्य. ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. पण ते बोललं की त्याच्या पाठीमागे दुसरं यायचं, आणि दुसऱ्याच्या मागे तिसरं, की बिघडवली मी, कारण आधीची बिघडलेली मला नीट करायची होती. ते शेवटचं वाक्य तिला गिळता येईना की थुंकता येईना. ती म्हणाली, "चला, जेवून घ्या." जेवताना त्याच्या हातून घास सांडला आणि दोघांनीही तो उचलला नाही.

मग ती शिकली. कोणी शिकवलं नाही असं म्हणता येणार नाही, सासऱ्यांची इतक्या वर्षांची बडबड कानात होतीच, फक्त ती हातात उतरायला हवी होती. त्याची पावलं रस्त्यावर दूर गेली की ती खाली येई. टेबलाखाली पडलेला एक फळकुटाचा तुकडा आणि सासऱ्यांचं एक जुनं पातं तिने आपलं म्हणून ठरवलं. उजवा कोपरा दाबायचा, थोडं ओढायचं. डावा, थोडं ओढायचं. कोपऱ्याच्या जरा आत, त्याहून कमी. मध्ये अगदी नावापुरतं. मग गुण्या आणि उजेड. मग पातं रंध्यात, पाचर बेताची, मागून हातोडीने टिचकी मारल्यासारखं टुक, पुन्हा टुक. लाकडाची एक काडी रंध्याच्या तोंडावरून डाव्या अंगाला, उजव्या अंगाला, मध्ये अशी फिरवायची. मध्ये साल निघाली पाहिजे आणि दोन्हीकडे नुसती कुरकुर व्हायला हवी. डावीकडे जास्त निघाली तर पात्याच्या वरच्या टोकाला बाजूने हलकी टिचकी. कित्येक सकाळी काहीच जमलं नाही, आणि त्या दिवसांत ती त्याचं पातं आहे तसंच परत ठेवून मागाहून पॉलिश पेपर मारत राहिली. आणि मग एका सकाळी, ढगाळ होतं, उजेडही धड नव्हता, तिने रंधा लोटला आणि तोंडातून साल वर आली, आली, येतच राहिली, दुधावरच्या सायीसारखी, मध्ये जेमतेम रंग असलेली आणि दोन्ही कडांना विरून काहीच न उरलेली. तिने ती तळहातावर घेतली. वजनच नव्हतं. फळीवर हात फिरवला तर हात कुठे अडला नाही. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, मूल झालं, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली, लोकांच्या लाकडाला चकाकी आणली. पण आपल्याला काहीतरी येतं, आपल्याला, असं तिला कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर ती नेहमी शेवटचा हात फिरवत आली. तिने ती साल पोलक्यात सरकवली आणि त्या सकाळी चहा करताना ती अंगाला हुळहुळत होती. कोणाला सांगणार? ज्याला या सालीची किंमत कळली असती असा एकच माणूस होता.

मग ती रोज सकाळी त्याचंच पातं घासून ठेवू लागली आणि त्याच्या फळ्या सुधारल्या. आधी त्याचा विश्वास बसेना. तो फळी उजेडात धरायचा, तिला बोलवायचा, "बघ बरं, काही दिसतंय?" ती बघायची. काही दिसत नसे. "हात परत आला बघ," तो एके दिवशी म्हणाला, इतक्या हळू, जणू कोणी ऐकलं तर परत नेईल. मग मोठ्याने म्हणू लागला. मुलाला फोनवर म्हणाला, "अरे, तुझा बाप अजून पाच माणसांना भारी आहे. बाल्कनीत कुंड्या ठेव तू." गालफडं भरली, जिना चढताना गुणगुणणं परत आलं, रात्री झोपेत बोलायचा ते थांबलं. बटणं मात्र तीच लावत होती. ते त्याच्या हिशोबात कसं बसत होतं कोण जाणे. माणूस आपल्याला हवं तेवढंच मोजतो. एका वाचनालयाचं मोठं काम चालून आलं, वाचायला बसायची लांब टेबलं, आणि तिला न विचारता तो हो म्हणून मोकळा झाला. गोळ्यांची पुडी कपाटात तशीच राहू लागली. "डॉक्टरला काय कळतंय? तो म्हणत होता नसा मेल्या. मेलेल्या नसा अशा फळ्या काढतात?" ती म्हणाली, "तरी घ्याव्यात." तो म्हणाला, "बरं." आणि घेतल्या नाहीत. तिने आणखी जोर लावायला हवा होता. पण जोर लावायला पाय टेकायला जागा लागते, आणि ती ज्यावर उभी होती ती जागा तिची तिलाच माहीत होती. करायला गेले एक, असं ती रात्री स्वतःशी म्हणायची, आणि सकाळी पुन्हा खाली उतरायची, कारण आता न उतरणं जास्त क्रूर झालं असतं. शिवाय, हे ती स्वतःलाही अर्धवटच सांगे, तिला उतरायचं होतं. दिवसातली तेवढीच वेळ तिची होती. पातं ती आता त्याच्याहून बरं लावत होती. त्याच्या बापाहूनही असेल. धार अशी की कागद नुसता टेकवला तरी फाटावा.

धार बघायची त्याची सवय जुनी होती. रंधा उलटा धरायचा आणि तोंडातून डोकावणाऱ्या पात्यावरून अंगठा आडवा न्यायचा, हलकेच, धारेच्या लांबीने नव्हे तर तिला ओलांडून. सगळे सुतार तसंच करतात. बोटाला जाणीव असली की ते आपोआप हलकं होतं. त्या दिवशी ती खिडकीशी लाख भिजवत होती. रंध्याचा आवाज चालू होता, लांब, एकसारखा, तिच्या सकाळच्या आवाजासारखाच, आणि ती तो ऐकत होती, जरा सुखानेच. मग तिने सहज मान वळवली. फळीवर लाल पट्टे होते. रंधा पुढे जात होता आणि त्याच्या मुठीखालून पट्टा ओढला जात होता, परत येत होता, पुन्हा जात होता. साली लाल होऊन खाली पडत होत्या. तो गुणगुणत होता.

"अहो!"

"काय?"

"हात! हात बघा!"

त्याने हात बघितला. उजवा अंगठा मधून उभा उघडला होता, आत पांढरं दिसत होतं. त्याने तो उजेडाकडे धरला. "कधी लागलं हे?" असं त्याने तिलाच विचारलं. मग फळीकडे बघून म्हणाला, "डाग जाईल का गं? पॉलिशच्या आधी काढावा लागेल." फडकं बांधून त्याने दुपारी पुन्हा काम केलं. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणाला, सुताराच्या हाताला नाही लागणार तर काय वाण्याच्या? दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे त्याचं गणित, आणि दुखत नाही हेच सगळं काही आहे, हे तिचं. त्याने लावलेल्या धारेने नुसतं चेचलं असतं, ओरखडलं असतं. ही तिची धार होती. फडक्याला वास यायला लागला तेव्हा ती त्याला ओढतच घेऊन गेली. डॉक्टर तोच, टाचणीवाला. त्याने फडकं सोडलं आणि तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे नाही. अंगठा मुळापासून काढावा लागला, शेजारच्या बोटाचं पेरही. मुलगा आला, औषधांच्या दुकानात धावला, कॉरिडॉरमध्ये तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, मी म्हणत नव्हतो?" ती म्हणाली, "म्हणत होतास." वाचनालयाचं काम मुलानेच फोन करून परत केलं. कारखान्याच्या खोलीला भाडेकरूही त्यानेच बघितला, कापडवाला, जरा थांबायला तयार होता.

घरी आल्यावर नवरा पुष्कळ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिला वाटलं, आता विचारेल. तिने उत्तरही ठरवून ठेवलं होतं, सगळं, पहिल्या रेघेपासून. पण तो विचारायचा ते भलतंच. "नेमका तेव्हाच कसा गं? हात परत आला होता तेव्हाच?" त्याला त्याचंच दुःख होतं. अंगठ्याचं नव्हे, त्या शेवटच्या महिन्यांचं. "बाबांनी ती टेबलं बघायला हवी होती," तो म्हणायचा. "आयुष्यात असं काम झालं नव्हतं. काय साल निघायची!" ती पाय चेपत बसलेली असायची. ते महिने त्याच्याकडून काढून घ्यायचे तर त्याच्याकडे मग काय उरलं असतं? आणि नाही काढून घ्यायचे तर ते तिचे कधीच होणार नव्हते. ती चेपत राहायची.

मग एका सकाळी तो आपण होऊन उठून खाली गेला. ती मागोमाग गेली. सामानाची बांधाबांध अजून व्हायची होती. डाव्या हाताने त्याने मोठा रंधा जवळ ओढला आणि म्हणाला, "बस इथे. विकायचा तर विकू, पण आधी तू शीक. मी सांगतो, तू कर. माझ्याबरोबर जायला नको हे."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"सांगतो ना. दगडावर पाणी टाक."

तिने पाणी टाकलं. पातं हातात घेतलं आणि बोटं आपसूक जागेवर बसली, दोन कोपऱ्यांवर दोन, अंगठे मागे. तिने ती झटकन उचलली आणि पातं मुठीत धरलं, भाजी चिरायची सुरी धरावी तसं.

"असं नाही गं! बोटं कोपऱ्यांवर. इकडे एक, तिकडे एक. हां. आता उजवा दाब."

तिने डावा दाबला.

"उजवा म्हणालो."

"हा का?"

"तो उजवा का? बरं, जाऊ दे, घास." तो कान देऊन ऐकत होता. बोटं मेली होती, पण कान शाबूत होते, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने आवाजही बिघडवला. पातं मध्येच उचललं, तिरपं आपटलं, दगडावर कर्रकन ओढलं. त्याने डोळे मिटून घेतले. मग मोठ्या धीराने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाबा असं म्हणायचे, बाबा तसं म्हणायचे. रुग्णालयातून आल्यापासून त्याचा चेहरा इतका जिवंत तिने बघितला नव्हता. तो उठून तिच्या मागे उभा राहिला, बँडेजचा हात तिच्या हातावर ठेवला आणि दाब दाखवू लागला, ज्या हाताला दाब कधीचाच कळत नव्हता तो हात. तो चुकीच्या कोपऱ्यावर दाबत होता. ती त्याच्याबरोबर चुकीच्या कोपऱ्यावर दाबत गेली.

गुण्या लावून त्याने पातं खिडकीत धरलं, डोळे बारीक केले, मान हलवली. "अगं, एवढी वर्षं समोर बसून बघितलंस. काय शिकलीस मग?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"पॉलिश तेवढं येतं."

तो हसला. मग दमून स्टुलावर बसला आणि बँडेजच्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार देत म्हणाला, "असू दे. उद्या परत बसू. कापडवाल्याला थांबायला सांग." बाहेर रस्ता जागा होत होता, कोणीतरी शटर वर ढकलत होतं. तिला एवढंच दिसत होतं की उद्या बसायचं, परवा बसायचं, तो थकेपर्यंत किंवा संपेपर्यंत, आणि रोज तिला आदल्या दिवसाइतकंच कमी यायला हवं. हातांवर लक्ष ठेवावं लागणार होतं. ते विसरून एकदा जरी बरोबर बसले तरी त्याला ऐकू आलं असतं.

"शेवटचं एकदा करून दाखव," तो म्हणाला. "पातं मध्ये दाबू नकोस फक्त. मध्ये दाबलंस की सगळं गेलं."

"बरं," ती म्हणाली, आणि पातं दगडावर सपाट ठेवून तिने मध्ये दाबलं.